सावकाश थंड होऊ द्यायचं

पहिल्या अल्बमात अकरा गाणी होती आमची,
सगळी मिळून तेरा मिनिटं.
इर्शाद काठ्यांवर मोजायचा, एक दोन तीन,
चार म्हणायच्या आत गाणं निम्मं संपलेलं.
घरपट्टीवर एक, प्राचार्यांवर एक,
रंकाळ्यातल्या जलपर्णीवर एक. त्यात शब्द चारच,
तेही तेजाच्या घशात अडकून फाटलेले.

बँडचं नाव पंचनामा.
उद्यमनगरात, इर्शादच्या चुलत्याच्या लेथच्या शेडमध्ये,
सोमवारी, सुट्टी असायची म्हणून.
पायाखाली लोखंडाचा कीस,
घरी गेल्यावर मोज्यातून निघायचा.
मी बेस वाजवायचो. म्हणजे मागं पळायचो.

मग मार्चात, शिरोलीला, तिसऱ्या पाळीत,
साच्यात ओल राहिली होती.
ओल राहिली की लोखंड आत बसत नाही,
उडतं.
सीपीआरमध्ये सात आठवडे. डाव्या हाताची कातडी
मांडीवरून आणून लावली.
पार्श्व रोज गिटार घेऊन जायचा आणि
नर्सबाईंच्या भीतीनं न वाजवता परत आणायचा.

पावसाळा सरला तेव्हा इर्शाद आला.
स्टुलावर बसला, डाव्या हातात काठी धरली,
धरलेली नुसती दिसत होती.
म्हणाला, पाय चांगले हैत की माझे.
शिलाई मशीनचा जुना पायटा, लुनाची चेन,
वेल्डिंगचे चार टाके,
दुसरं पेडल त्यानं स्वतःच केलं.
आणि दोन्ही पायांनी जे सुरू केलं
ते पळणं नव्हतं.
शेडचे पत्रे खालून वर हलले.

पार्श्वनं काही न बोलता तारा सैल केल्या.
तार सैल झाली की आवाज जड होतो,
हे आम्हाला माहीत होतं, लागलं नव्हतं कधी.
तेजाला पहिल्यांदाच एक शब्द
चार मोजेपर्यंत धरून ठेवावा लागला.
तिनं धरला. तो शब्द 'थांब' होता.

जयसिंगपूरच्या हॉलमध्ये गडहिंग्लजचा एक पोरगा
आमचाच टीशर्ट घालून पुढं आला,
म्हणाला, पंक मेलं तुमचं. मेटल झालासा.
इर्शाद पाणी पीत होता.
म्हणाला, भावा, रोज आठ तास मी तेच वततो,
दुसरं काय येणार हातातनं?
पोरगा हसला नाही. टीशर्टही काढला नाही.

एका सोमवारी मी तासभर आधी गेलो.
शेडचं शटर अर्धं खाली,
आतून जुनं गाणं ऐकू येत होतं, घरपट्टीचं.
एक दोन तीन, आणि काठी फरशीवर.
पुन्हा एक दोन तीन, पुन्हा फरशीवर.
काठी गडगडत जाते, कीसात अडकते, थांबते.
अकरा वेळा मोजलं मी.
मग कोपऱ्यावर जाऊन दोन चहा प्यालो,
वेळेवर आल्यासारखा आलो,
शटर जरा जास्तच जोरात वर केलं.

दुसऱ्या अल्बमात गाणी पाच. शेवटचं नऊ मिनिटांचं.
फाउंड्रीतला त्याचा मुकादम, दत्तोबा, एकदा सांगून गेला होता,
साचा गडबडीनं फोडला की तडा जातो,
सावकाश थंड होऊ द्यायचं, बिडी वढायची तोवर.
ते नाव घेतलं गाण्याला. बिडीसकट घेणार होतो,
तेजानं नको म्हटलं.

साडेचार मिनिटांवर, सगळं जड, सगळं खाली असताना,
मधेच एक हलका आवाज येतो,
लाकूड फरशीवर पडून गडगडत गेल्याचा.
पार्श्व म्हणाला, कापू या का?
इर्शाद वाकून काठी शोधत होता,
टेबलाखालून म्हणाला,
ऱ्हाऊ दे.

अजून गाडी धुताना माझ्या तोंडात
तेरा मिनिटवालंच येतं.
बादली भरायच्या आत संपतं.