रुमालाखाली

आता सौदे उघड्यावर होतात, बोली मोठ्यानं.
तरी सांगलीच्या यार्डात, आमच्या अडतीत,
एक रुमाल अजून आहे.
निळ्या चौकड्यांचा, दस्तगीरभाईंचा.
कधीकाळी त्याच्याखाली हळदीचा भाव ठरायचा
बोटांत बोटं, तोंडं मिटलेली.
आता आम्ही चौघं त्याखाली
पान नंबर सांगतो.

कादंबरी एक, प्रतही एकच, वर्गणीतली.
(मलपृष्ठाच्या आत हिशेब आहे,
माझ्या नावापुढं चाळीस रुपये बाकी.)
दोन-दोन दिवस प्रत्येकाच्या घरी जाते,
खुणेला ज्याच्या त्याच्या पट्टीचा कागद.
पुढं कोण, मागं कोण,
हे ज्याचं त्याच्यात राहावं म्हणून रुमाल.
नाहीतर दस्तगीरभाई पुढं गेले
की शेवट सांगितल्याशिवाय चहा पीत नाहीत.

कलव्वा हात देत नाही.
ती रुमालाखाली हळकुंडं मांडते,
दोन लांब, चार आखूड, मध्ये एक कणी म्हणजे शून्य.
सातवी शिकली, हळद निवडते,
वाचताना ओठ हलतात
आणि आमच्यात सगळ्यात पुढं तीच.

गोष्ट घाटातल्या एका रेल्वे गेटमनची.
त्याची बायको रोज एकाच गाडीला हात करते.
कुणाला, ते तिलाही ठाऊक नाही.
मी त्या पानावर तीन रात्री अडकलो होतो,
घरातलं दूध उतू गेलं.

बाबगोंडा तोलाईवाले.
गेल्या मंगळवारी त्यांनी माझ्या तळव्यात दाबलं :
दोन बोटं. एक. परत दोन.
दोनशे बारा!
मी विचारलं, मग गाडी थांबते का?
ते म्हणाले, "तुजं तू वाच की लेका,"
आणि काट्याकडं वळले.

बुधवारी पुस्तक माझ्याकडं आलं.
आम्ही सगळेच पिवळ्या अंगठ्याची माणसं,
कुणाचा ठसा कुठं, हे पान उलटताना कळतं.
कलव्वा कोपरा दुमडते.
भाईंचा वरच्या बाजूला, अत्तराचा वास असलेला.
बाबगोंडांचा मात्र समासाच्या मधोमध,
रुंद, आडवी चीर गेलेला.
सत्त्याऐंशीपर्यंत प्रत्येक पानावर आहे.
सत्त्याऐंशीवर चार-पाच,
एकमेकांवर, ओळींवरूनसुद्धा,
जणू अक्षरं बोटानं चाचपून पाहिली असावीत.
पुढं कोरं.

मग एकेक आठवायला लागलं.
काट्याचा आकडा हल्ली ते मलाच वाचायला लावतात,
"दिवाणजी, तुमचा आवाज बरा" म्हणून.
आणि त्या दिवशी चेकवर सही
चौकटीच्या बाहेर गेली होती.

पुढच्या मंगळवारी रुमाल मी धरला.
त्यांच्या हातात दाबलं :
पंजा आणि तीन. पंजा आणि दोन.
बराच वेळ काही नाही.
बाहेर ट्रकमध्ये पोती पडत होती, धप्, धप्.
हात त्यांनी काढून घेतला नाही.
"मोतीबिंदू पिकलाय म्हणत्यात," ते म्हणाले,
"सीझन संपूं दे, मग बघू."

भाईंनी चष्मा पुसला, उगाचच.
कलव्वानं पदराला हात पुसले,
राजापुरीच्या पोत्यावर बसली, पुस्तक ओढून घेतलं.
"सत्त्याऐंशी कुठनं सुरू हुतंय रं?"
आणि इतके दिवस नुसते हलणारे तिचे ओठ
आवाज करायला लागले.
अडखळत, जोडाक्षराला थांबत,
गेटमनच्या बायकोला आमच्या सीमेवरचा हेल देत.
मी एकशे साठवर होतो, मागं आलो.
भाई तर कधीच संपवून बसलेले,
तरी "अरेच्चा" म्हणाले योग्य त्या जागी.

चार पानं झाली, तेवढ्यात तिला मुकादमाची हाक आली.
बाबगोंडांनी स्वतःहून रुमाल मागितला.
पंजा आणि चार.
मग एक.
आणि त्यानंतर दोनदा माझी करंगळी दाबली,
त्याला बाजाराच्या भाषेत काय म्हणतात
मला अजून कुणी सांगितलेलं नाही.