गुलाम दुसरा

दिव्याची काजळी, त्यात खोबरेल,
चिमूटभर जळक्या बुचाची पूड,
तळहातावर घोळवायचं कोमट होईस्तोवर.
हे वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या मामांनी.
सांगलीत अशा गोष्टी घरातच असतात,
लोणच्याच्या बरणीशेजारी.

हबशी म्हणजे मला ठाऊक होता तो हलवा,
गणपती पेठेतल्या काचेमागचा.
माणूस कधी पाहिला नव्हता.
तरी बत्तीस वर्षं मी त्याला घडवत होतो.
ओठ फुगवून लाल,
डोळ्यांभोवती पांढरं कडं.
दिग्दर्शक म्हणायचे, मागच्या रांगेला दिसला पाहिजे.
दिसायचा.
तेवढाच दिसायचा.

लिलावाचा प्रवेश दुसऱ्या अंकात.
साखळदंड म्हणजे मेहुणीच्या झोपाळ्याच्या कड्या,
प्रयोग संपला की रातोरात नेऊन अडकवायच्या,
सकाळी पोरं झोक्याची वाट बघायची.
गुलामाला वाक्य एकच : "जी, मालक."
आणि चाबूक वाजला की रडायचं,
म्हणजे नायकाला दया येणार,
नायक साखळी तोडणार,
टाळी नायकाला.
मिरजेत मॉर्निंग शोला परदेशी सिनेमे लागत,
तिथंही हेच बघून आलेलो मी :
शेवटी गोरा माणूस समुद्राकडे बघतो,
काळा त्याच्याकडे.

गुलाम दुसरा म्हणजे मुरारी खाडे, जतचा,
मुळातच तव्याच्या पाठीसारखा.
"अण्णा, मला कशाला फासताय?" म्हणाला.
मी म्हणालो, तू आपल्यातला काळा,
हा वेगळा काळा.
आणि फासलं.
हे वाक्य कुठल्याच संहितेत नव्हतं. माझं होतं.

त्या साली विश्रामबागेत एक इंजिनिअरिंगचा पोरगा होता,
झांबियाचा. नाव मुलेंगा.
खानावळीतल्या मावशी सरळ मुलगाच म्हणायच्या :
माझा मुलगा आला, भाकरी टाक गं.
वाचनालयाच्या मदतीच्या प्रयोगाला
कुणीतरी त्याला रंगपटात आणलं.
पावडरीचा वास, बल्बांची माळ,
आरशात मुरारी, अर्धा झालेला,
त्याच्यामागं मुलेंगा,
आणि मधे माझा हात, बोटं बरबटलेली.

मला वाटलं हसेल. किंवा मारेल.
त्यानं मोडक्या मराठीत विचारलं,
"याचं नाव काय?"
मुरारी, म्हणालो.
"हा नाही. तो."

मी जाहिरातीचा कागद उलटा केला, सुलटा केला.
गुलाम पहिला. गुलाम दुसरा.
एवढी वर्षं त्याला नावं ठेवली आम्ही,
नाव ठेवायचं राहूनच गेलं.
"आई कुठंय याची?
घरी कुठल्या भाषेत बोलतो?"
तिसरी घंटा झाली.

मुरारी तसाच गेला त्या रात्री,
एक गाल जतचा, एक माझा.
चाबूक वाजला आणि तो रडला नाही.
पुन्हा वाजला.
विंगेतून प्रॉम्प्टर, रड, अरे रड की!
नायकानं कोरड्या डोळ्यांसमोर साखळी तोडली,
टाळी आली, पण चार-दोन हातांची,
चुकून वाजल्यासारखी.
मुलेंगा कुठं बसला होता, दिसलं नाही.
उन्हाळ्यात मावशी म्हणाल्या, गेला तो,
उधारी चुकती करून,
आणि हॉटेलवाल्या पाटलाला शिव्या घालून,
त्या का, ते सांगितलं नाही त्यांनी.

महापुरात गावभागातलं घर पाण्यात गेलं.
रंगपेटी माळ्यावर होती, तीही बुडाली.
राजांची गुलाबी कांती, देवांचा निळा,
ऋषींची पांढरी,
सगळ्याचा एक लगदा, हळदीकुंकवाच्या सांडणीसारखा.
काजळाची डबी मात्र तशीच निघाली.
तेलात खललेलं, पाण्याला दाद देत नाही.
मी बोट बुडवलं.
सवयीनं तळहातावर घोळवलं.
मग लक्षात आलं, समोर चेहराच नाही.

चार दिवस साबण लावतोय.
नखांच्या कडेला अजून आहे.
भात कालवताना दिसतं.