नीडफुल

खानापूरच्या तहसीलसमोर, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
वडिलांची पत्र्याची पेटी आहे.
चाळीस वर्षांच्या कार्बन कॉप्या,
जांभळ्या, अजून बोटाला लागणाऱ्या.
प्रत्येकीच्या तळाशी, अंगठ्याच्या जरा वर,
तेच वाक्य : काइंडली डू द नीडफुल.

उताऱ्यावर लुमाण्णाचं लक्ष्मण झालंय, डू द नीडफुल.
कौलांच्या भट्टीचा धूर शाळेत शिरतो, डू द नीडफुल.
नवरा लोंढ्याला जातो म्हणून गेला, त्याला सात वर्षं झाली,
मयत धरावा की गैरहजर
ते साहेबांनीच ठरवून
डू द नीडफुल.

भरमाणा हलगेकर, अर्जनवीस, सातवी पास.
मराठीत लिहिलं तर अर्ज फायलीखाली जायचा,
कानडीत लिहायला हात वळत नसे.
इंग्रजी काय, टेबलाच्या दोन्ही बाजूंना सारखीच परकी.
तिच्यातलंही त्यांना हे एकच वाक्य न अडखळता येई,
देवळात शिरताना घंटा वाजवावी तसं
ते शेवटी वाजवत.

पेटीच्या बुडाशी एक त्यांच्याही आधीचं पत्र.
कॅम्पातल्या कुठल्याशा मेसचा गोरा हिशेबनीस,
तिरकी निब, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
कोंबड्यांची उधारी थकली होती. वाण्याला लिहितो :
पहिल्या तारखेला नीडफुल पाठवतो.

पाठवतो? मी वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं.
मग डिक्शनरी उघडली.
तेव्हा नीडफुल म्हणजे रोकड होती म्हणे,
मोजून घ्यायची, कनवटीला लावायची.
पुढं कधीतरी आतली नाणी कुणी काढून घेतली
आणि नुसतं पाकीट राहिलं फिरत
या टेबलावरून त्या टेबलावर.
डिक्शनरीत त्या अर्थापुढं लिहिलंय, आता प्रचारात नाही.
तिनं एकदा आमच्या तहसीलात यावं,
खिडकी नंबर तीन.
कारकून बोलत काहीच नाही,
अंगठा तर्जनीवर घासतो फक्त.

भाची पुण्याला कंपनीत आहे.
तिनं मेलात तेच लिहिलं, तर वरचा माणूस हसला,
असलं आता कुणी लिहीत नाही म्हणाला.
तिनं मला फोनवर विचारलं, मामा, मग काय लिहायचं?
मला कुठं दुसरं येतंय?
आता ती नुसते जोडलेले हात पाठवते, पिवळे.

कक्केरीची शिवबसव्वा दर महिन्याला येई,
विधवा पेन्शनसाठी.
पायरीवर बसून पदरानं वारा घेत विचारायची,
नीडफुल साहेब बंदरेनु?
आले का?
तिला वाटे, सगळे अर्ज ज्याच्या नावानं संपतात
तोच सगळ्यात मोठा असणार.
वडील म्हणत, दौऱ्यावर हाएत.
तिला हसलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही.

एकदा तिनंच उलगडून सांगितलं होतं त्यांना,
नीडु म्हणजे दे. आमच्या भाषेत.
आणि फुल म्हणजे फुल्ल, पुरतं.
पुरतं दे, असंच लिवतासा न्हवं तुमी?
वडील गप्प झाले.
पोथीत त्यांनी नीड म्हणजे घरटं वाचलं होतं.
त्यांनी नवा कागद घातला,
आणि त्या दिवशीचं नीडफुल
इतक्या जोरात टाइप केलं
की एफच्या जागी कार्बनला भोक पडलं.
ती कॉपी आहे माझ्याकडं. उजेडाला धरली की दिसतं.

आता अर्ज कॉम्प्युटरवर, कानडीत, ठरलेल्या नमुन्यात.
काल शिवबसव्वाची नात आली होती,
घर पावसात गेल्याचे फोटो घेऊन.
मी सगळं भरलं, प्रिंट द्यायला माऊस उचलला,
तर म्हणाली, थांबा.
खाली त्या साहेबांचं नाव नाही घातलंत.
अज्जी म्हणायची,
बाकी सगळे भेटून झाले,
तेवढे एकच ऱ्हायलेत.