पिक अप

फळ्यावर लिहिलं, पिक अप.
म्हणजे उचलणे. खडू पाडून उचलून दाखवला.
म्हणजे घ्यायला येणे. म्हणजे फोन घेणे.
चौथ्या अर्थाला वेळ लागला :
कानावर पडून पडून भाषा येणे,
मी साताऱ्याहून इथं आलो
आणि ‘काहून’ म्हणू लागलो, तसं.

मागून प्रणोती कोवे :
“सर, थे गाडी व्हय ना?
पोंभुर्ण्याच्या फाट्यावर पहाटं येते,
मायले घेऊन जाते
तेलंगणात, मिरच्या तोडाले.”

ते नाम झालं, मी म्हटलं,
आपण क्रियापद शिकतोय.
वर्ग हसला. तीही, थोडी.

दुसऱ्या दिवशी तिची वही.
इंग्रजी तिची, मराठीत सांगतो :

पिकअप बायांना पिक अप करते.
माझ्या मायनं तेलुगू पिक अप केली.
भाऊ रडला की मी त्याला पिक अप करते. तो जड आहे.
रात्री माय फोन पिक अप करत नाही,
हात लावला तर फोनला तिखट लागते म्हणते.

पाचच्या आकड्यापुढं काही नाही.

लाल पेन घरंगळत टेबलाखाली गेलं.
घंटा झाली, पोरं खिचडीला पळाली,
पेन तिथंच होतं.