सहा तास लवकर

आमच्याकडे दिवस सूर्याबरोबर उठतो.
उजाडलं की बारा, मग एक, मग दोन.
अदिस अबाबात कांदे विकणारीलाही ठाऊक असतं
की शाळेचे नऊ म्हणजे कलती दुपार.
मलाही ठाऊक होतं.
पण माझ्या फोनमध्ये हॅम्बुर्ग राहतं,
तिथला हेनिंग, त्याचे तीनशे चामडी झोळे,
आणि त्याचं घड्याळ,
जे हळूहळू माझ्या मनगटातून आत गेलं.

कातडं बेतायला मी वडिलांकडून शिकले.
साचे असे मांडायचे, पट्टा पिशवीच्या कुशीत,
खिसा पट्ट्याच्या बगलेत,
की बोटभर जागा रिकामी राहू नये.
दिवसही मी तसाच बेतते.
पहाटे हिशेब, टॅक्सीत बिलं,
तोंडात घास असताना कस्टमचा साहेब,
आणि उरतील त्या कात्रणांत मास्तेवाल,
माझी मुलगी, वय वर्षं नऊ.
वाईट वाटून घेऊ नका,
कात्रणांचीही कीचेनं होतात,
विमानतळावर चांगली खपतात.

ती म्हणाली होती, "शुक्रवारी शर्यत. नऊ वाजता."
शिवणयंत्रांच्या खडखडाटात
मी फोनवर बोट नेमकं नऊवर ठेवलं.
शुक्रवारी आठवण वाजली.
टेबलावर अर्धं कापलेलं कातडं, डेजेनेच्या हातात सुरी.
"वेळात वेळ काढून जाऊन येते," म्हटलं,
आणि निघाले,
जगावर मोठा उपकार केल्यासारखी.

मैदान रिकामं.
चुन्याच्या रेघासुद्धा अजून आखायच्या होत्या.
फाटकावरच्या गाशे बेयेनेंनी आधी आकाशाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"वोइझेरो अस्नाकेच, आत्ता तर तीन वाजलेत.
तुम्ही फेरेंजी कधीपासून झालात?"
आणि हसले, दात पडलेल्या बाजूनं.

सहा तास.
कुणाच्याच नावावर नसलेले.
परत जाता आलं असतं, वर्कशॉप वीस मिनिटांवर.
वळणापर्यंत गेलेही होते.
तिथे झेनेबेचनं नुकत्याच कॉफीच्या बिया तव्यावर टाकलेल्या.
तिनं धूर हातानं माझ्याकडे लोटला
आणि पायानं एक बुटकं स्टूल सरकवलं.

पहिला कप, अबोल.
मी नेहमी एवढाच पिते, तोही उभ्यानं.
दुसरा, तोना. बिया त्याच, पाणी नवं.
फोन तीनदा थरथरला, स्टुलासकट मीही.
मग तिसरा, बरका,
फिक्कट, जवळजवळ कॉफीची आठवणच,
आणि म्हणतात बरकत त्यातच असते.
त्या तिसऱ्या कपापर्यंत
किती वर्षांनी पोचले, मोजता येईना.

शांत वगैरे वाटलं असं काही नाही.
बँकेचं व्याज मनात चालूच होतं.
दोनदा उठले. झेनेबेचनं दोनदा
भाजलेल्या जवांची मूठ हातात देऊन खाली बसवलं.
हेनिंगनं विचारलं, "आहात का?"
मी लिहिलं, "आहे."
पाठवलं नाही.
कुठे, असं त्यानं विचारलं असतं.
मग जमिनीवर पसरलेल्या ओल्या गवताकडे
बघत राहिले. त्याचं काय करायचं असतं
ते मला सुचेना, म्हणून नुसतंच बघितलं.

नऊ वाजता, खऱ्या नऊ वाजता,
मास्तेवाल धावली आणि शेवटून दुसरी आली.
बुटाची नाडी सुटलेली, धाप लागलेली.
"तू आधीच आलीस? गाशे म्हणाले, कधीचीच आलीयस.
किती वाजता?"
"तीन."
तिनं बोटं उघडली, चार, पाच, सहा,
दुसऱ्या हाताचीही उघडावी लागली.
"सहा तास? माझ्यासाठी?"

फाटकाशी गाशे बेयेने खोकले
आणि दुसरीकडे बघू लागले.
मी वाकून तिची नाडी बांधली,
गाठ पक्की बसायला हवी त्यापेक्षा
जरा जास्तच वेळ लावला.

रात्री हेनिंगला कळवलं,
चाळीस झोळे आठवडाभर उशिरा येतील.
त्याला खरं कारणही लिहिलं.
मास्तेवालला मात्र
अजून सांगितलेलं नाही.