चुरा

बरणीवर पेन्सिलीनं लिहिलंय :
आदेलिनो बोर्राल्यो, वय त्र्याहत्तर, उजवा गुडघा.
आत फॉर्मालिनमध्ये सांध्याचं अस्तर,
सुजलेलं, पिवळट,
शेवाळ धरलेल्या दोरासारखं.

सेतुबालच्या या तळघरात
मी माणसांना अशीच भेटते :
आधी तुकडा, मग नाव, चेहरा क्वचित.
फाईल वाचायची नसते. वाचली.
व्यवसाय : फरसबंदी.
एकेचाळीस वर्षं चुनखडीचे पांढरे, बसाल्टचे काळे
मुठीएवढे चौकोन हातोडीनं घडवत
गल्लीगल्लीतून दगडी लाटा काढत गेला,
गुडघ्यांवर.

चौदा वर्षांपूर्वी गुडघा बदलला.
वर कोबाल्ट, खाली टायटॅनियमची बैठक,
मध्ये प्लास्टिकची चकती, करंगळीएवढी जाड.
गुडघे टेकू नका, म्हणाले.
टेकले असणार.

पावलागणिक चकतीवरून
काहीतरी निघायचं.
त्याला चुरा म्हणणंही जास्तच;
चुरा निदान फुंकरीनं उडतो.

मग त्या आल्या, ज्यांना खाण्यावाचून दुसरं काम नाही.
जंतू खातात, मेलेलं खातात,
साकळलेलं रक्त खातात, कुरकुर नाही.
हेही उचललं.
लोखंडाचे चणे परवडले असते,
ते निदान गंजतात.
हे गंजत नाही, कुजत नाही,
पोटात घेऊन बसलं तरी तसंच्या तसं.
खाणारी मरते. कण पुन्हा मोकळा.
दुसरी येते, तोच कण उचलते.
काही जणी एकमेकींत मिसळून
एकच थोराड पेशी होतात,
वीस केंद्रकं, एक घास,
आणि तोही गिळवत नाही.

तेव्हा त्या हाका मारतात.
हाक रसायनाची. हाडापाशी पोचते तेव्हा
तिचा अर्थ भलताच झालेला असतो.
हाड पोखरणाऱ्या पेशींना वाटतं, आपल्यालाच बोलावलं.
त्या मुकाट कामाला लागतात.
चोर सोडून संन्याशाला सूळ.
हाडानं काय केलं होतं?

मी काच सरकवते.
साध्या उजेडात गुलाबी, राखाडी, विशेष काही नाही.
मग ध्रुवित प्रकाशाची भिंगं आडवी-उभी जुळवते
आणि काळोखात
प्रत्येक पेशीच्या पोटातलं पेटतं,
सादो नदीच्या मिठागरात
सूर्य तिरका झाला की पेटतं तसं.
इतकं सुंदर दिसायची काही गरज नव्हती.
मी दर वेळी एक मिनिट जास्त पाहते.
कुणाला सांगितलेलं नाही.

अहवाल : जंतू आढळले नाहीत.
कर्करोग नाही.
बाह्य कणांना शरीराची प्रतिक्रिया.
बस्स. एवढंच लिहायचं असतं.
कुणी हल्ला केला नव्हता
हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

वॉर्डातली लुदोविना जेवताना सांगत होती,
म्हाताऱ्याला एक्स-रे दाखवला,
धातूखालचं हाड जिथे उरलं नव्हतं
ते काळं पोकळ बोटानं दाखवलं.
त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
म्हणाला, दगड पक्का असतो हो, डॉक्टर.
खालची वाळू जाते.
आणि जुनी चकती मागून घेतली.
पिशवीतून काढून अंगठा फिरवला,
पारखून घेताना दगडावर फिरवतात तसा,
आतल्या कडेशी थांबला.
इथे, म्हणाला. लेकीच्या दुकानासमोरचं काम.
मुलांनी सायकली घालून उखडलं होतं,
दोन दिवसांत बसवून दिलं.

दोन दिवसांनी एवढं झिजत नाही.
चौदा वर्षं लागतात.
पण लुदोविनानं त्याला ते सांगितलं नाही,
आणि मीही
आज घरी जाताना त्या दुकानाच्या रस्त्यानं गेले.
लाट सरळ आहे. एकही दगड हलत नाही.