मधल्या खांबापाशी

अकरा वर्षांनी जुम्बेरला त्याच्या बहिणीने
मिनीबसमध्ये बसवून माझ्याकडे पाठवलं.
कोटाच्या खिशात चिठ्ठी: नाव, पत्ता,
आणि खाली, दूध उतू घालवतो, गॅसवर लक्ष ठेव.
एवढंच. उसनं नेलेलं भांडं परत करावं तसं,
पोचे पडलेलं.

आता तो सकाळी मला विचारतो, बाई, तुम्ही इथल्याच का?
हो, चियातुराचीच.
रोपवेच्या डब्यात बत्तीस वर्षं दार लावायचं काम केलं.
तो खूश होतो. माझी बायकोही तिथेच असते, म्हणतो,
लमारा. ओळखता?
ओळखते की.
तिखट आहे जरा, असं म्हणतो, आणि लाजतो.

ह्याच माणसाने माझं शिलाईचं मशीन विकलं.
ह्यानेच त्सिसानाच्या सातव्या वाढदिवशी
टेबलक्लॉथ ओढला, ताटांसकट,
आणि मी काचा वेचत असताना झोपी गेला, बुटांसकट.
मग रुस्तावीची कुणी एक.
मग फोनही नाही.
मी सहा जिने पाण्याच्या बादल्या चढवल्या,
स्टेशनापाशी सूर्यफुलाच्या बिया विकल्या, ग्लासाने मोजून,
पोरीला नर्स केलं.
कुणी विचारलं तर सांगायचे, नवरा खाणीत आहे.
तसं खोटं नव्हतं.

पण त्याला आठवते ती एकच रात्र.
ब्याण्णवचा हिवाळा. वीज गेली
आणि माझा डबा मधल्या खांबापाशी अडकला,
खाली क्विरीलाचं काळं पाणी,
आत मी, एक म्हातारी, आणि तिची कोंबडी.
जीव टांगणीला लागणं लोक नुसतं बोलतात.

जुम्बेर सांगतो: मी रात्रभर खाली उभा होतो, कंदील घेऊन.
हलवत होतो, तिला दिसावा म्हणून.
बर्फ पडत होतं. ओरडत होतो, लमारा, झोपू नकोस!

कंदील होता. खरं आहे.
धरला होता वार्लाम मेकॅनिकने,
ज्याचं माझं कधी धड बोलणंही नव्हतं.
जुम्बेर भावाकडे पत्ते खेळत होता.
पहाटे आला, म्हणाला, चहा कुठाय.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, तू नव्हतास.
दार आपटावं तसं म्हटलं.
तो रडला. लहान मुलासारखा नाही,
म्हाताऱ्यासारखा, नाक न पुसता.
मला बरं वाटलं, कशाला लपवू.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कंदील, तेच बर्फ,
आणि त्याचं रडणं तेवढं
माझ्या एकटीकडे उरलं.

त्सिसाना फोनवर म्हणते, आई, त्याला ठेव कुठेतरी.
तू काय देणं लागतेस त्याचं?
काही नाही. पैशापैशाचा हिशेब केलाय मी.
पण ज्याच्याकडून वसूल करायचं तो माणूसच निघून गेला
आणि मागे ठेवलाय हा,
माझ्या नावाने लाजणारा.

काल रात्री वीज गेली.
मेणबत्ती लावली तर तो खिडकीशी,
वर तारेकडे बघत. जुनी तार, डबा नाही आता तिच्यावर.
मग वळला, आणि गोष्टीत एक नवीनच भर घातली:
ती खाली उतरली ना, तेव्हा विचारायचं होतं तिला काहीतरी.
राहूनच गेलं.
काय?
तो शोधत राहिला. मेण बशीत ओघळलं.
मग माझ्याकडे बघून म्हणाला,
थंडी वाजली का गं?

कंदील कुणाचा होता ते मला माहीत आहे.
वार्लामची कबरही माहीत आहे,
दर ईस्टरला तिथे लाल अंडं ठेवून येते.
मी खुर्ची ओढली,
त्याच्या जवळ नाही, मेणबत्तीच्या जवळ.
वाजली, म्हटलं. फार वाजली.
बोटं तर सकाळपर्यंत माझी नव्हतीच.
म्हातारीने शेवटी कोंबडी दिली मांडीवर, उबेला...

तो ऐकत होता.